पुराण, आयन आणि परिचय : ख्रिस्ती धर्माच्या उगमाच्या मराठी पुनर्कथनांचा तौलनिक विचार

१

कोणत्याही धर्माचा उगम हा त्या धर्माच्या अनुयायांच्या दृष्टीने घडून गेलेला व पूर्णत्वास पोहोचलेला वृत्तांत असतो. इतिहासकाराच्या दृष्टीने तो तुटक साधनांवरून जुळवावयाचा प्रश्न असतो. कथाकाराला मात्र त्यात एक मोकळी जागा दिसते. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत ही मोकळी जागा मूळ संहितेतच आहे. चार शुभवर्तमानांपैकी मार्काने येशूच्या जन्माची कथा दिलेलीच नाही. मत्तय आणि लूक यांनी ती दिली आहे. पण त्यांच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांशी संवाद करतो, हा प्रसंग एकट्या लूकाने सांगितला आहे. त्यानंतर सुमारे तिसाव्या वर्षापर्यंतच्या काळाविषयी चौघेही गप्प आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट रिकाम्या थडग्यापासून भयभीत होऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशी होतो.

या मौनाचे काय करावयाचे, हा प्रश्न ख्रिस्तकथा पुन्हा सांगणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे उभा राहतो. काही जण ते श्रद्धेने भरून काढतात, काही तर्काने, तर काही निखळ कल्पनेने. परंतु पुनर्कथनाचे मूल्यमापन करताना मौन कशाने भरले, एवढेच पाहून भागत नाही. मूळ वचन कोठे संपते आणि आपली भर कोठे सुरू होते, हे लेखक वाचकाला कळू देतो की नाही, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. या कसोटीवर मराठीतील तीन ग्रंथ एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहेत : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६), नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘ख्रिस्तायन’ (१९३८) आणि गणेश दामोदर सावरकर यांचा ‘ख्रिस्तपरिचय’ (१९४६). पहिला ग्रंथ परकीय मिशनऱ्याचा, दुसरा धर्मांतरित मराठी दांपत्याचा आणि तिसरा हिंदुत्ववादी विचारवंताचा. तिघांची श्रद्धास्थाने भिन्न असली, तरी तिघांनीही ख्रिस्ती धर्माचा उगम मराठी वाचकासाठी नव्याने रचला आहे.

यांपैकी एकही कृती कादंबरी नाही, ही गोष्टही तितकीच अर्थपूर्ण आहे. पाश्चात्त्य साहित्यात हेच कार्य गेली सव्वाशेहून अधिक वर्षे प्रामुख्याने कादंबरीने केले. मराठीत ते पुराणाने, आख्यानकाव्याने आणि प्रबंधाने केले. वाङ्मयप्रकारांतील हा फरक कशामुळे पडला, याचा शोध घेतल्याशिवाय या ग्रंथांचे खरे स्वरूप ध्यानात येणार नाही.

२

युरोपात ख्रिस्तविषयक ऐतिहासिक कादंबरी निर्माण होण्यापूर्वी ख्रिस्तचरित्राची ऐतिहासिक चिकित्सा झालेली होती. डेव्हिड फ्रीडरिक श्ट्राउस याने १८३५–३६ मध्ये शुभवर्तमानांतील चमत्कारकथांचा मिथक म्हणून विचार केला. एर्नेस्त रेनाँ याने १८६३ मध्ये ‘येशूचे चरित्र’ लिहिले, तेव्हा त्या चरित्राचा नायक गालिलातील एक विलक्षण माणूस होता. या चिकित्सेमुळे श्रद्धेचा ख्रिस्त आणि इतिहासातील येशू यांच्यात अंतर पडले आणि त्या अंतरातच कादंबरीला पाय ठेवण्यास जागा मिळाली.

आरंभीच्या कादंबऱ्यांनी त्या जागेत शिरण्याचे धाडस केले नाही. ल्यू वॉलेसच्या ‘बेन-हर’ (१८८०) मध्ये येशू कथेच्या कडेने जातो. हेन्रिक शेन्किएविचच्या ‘क्वो वादिस’ (१८९६) मध्ये नीरोच्या रोममधील ख्रिस्ती समूह व प्रेषित पेत्र दिसतात. या कृतींत उगमकथा अबाधित राहते. तिच्या भोवतीचा काळ तेवढा कल्पनेने उभा केला जातो. आयरिश कादंबरीकार जॉर्ज मूर याने ‘द ब्रूक केरिथ’ (१९१६) मध्ये मात्र मुळालाच हात घातला. त्याचा येशू क्रुसावर मरत नाही. अरिमथाईचा योसेफ त्याला वाचवतो आणि तो पुन्हा एसेनी पंथीयांच्या आश्रमात मेंढपाळ म्हणून राहू लागतो. पुढे अनेक वर्षांनी तेथे पौल येतो आणि ज्याच्या पुनरुत्थानाची घोषणा करीत तो देशोदेशी हिंडला, तोच माणूस जिवंत समोर उभा असलेला पाहतो. निकोस कझांत्झाकिसच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन’मध्येही (मूळ ग्रीक प्रकाशन १९५५) क्रुसावरील स्वप्नात येशूची पौलाशी गाठ पडते आणि पौलाला या जिवंत येशूची गरज उरलेली नसते. धर्माचा उगम उपदेशकापासून होतो की त्याच्याविषयी सांगणाऱ्यापासून, हा ख्रिस्ती इतिहासाचा एक अवघड प्रश्न. या दोन्ही कादंबऱ्यांनी तो दोन पात्रांच्या भेटीत आणून ठेवला.

या कादंबऱ्यांच्या बऱ्यावाईटपणाविषयी मतभेद होतील. परंतु एका बाबतीत त्या निःसंदिग्ध आहेत. त्या स्वतःला कादंबरी म्हणवतात. कझांत्झाकिसने तर आपला ग्रंथ चरित्र नव्हे, असे प्रास्ताविकातच सांगितले आहे. मुखपृष्ठावरील एका शब्दाने वाचकाशी एक करार होतो : पुढे जे येईल ते साक्ष म्हणून स्वीकारावयाचे नाही. अशा कराराला मराठीत कोणते पर्याय निर्माण झाले, हे आता पाहावयाचे आहे.

३

भारतातील ख्रिस्तकथेचा विचार करताना गोव्याकडे वळण्यापूर्वी उत्तरेकडील एका ग्रंथाचा निर्देश करणे आवश्यक आहे. अकबराच्या दरबारात असलेले येशूसंघीय जेरोनिमो झेव्हिअर यांनी १६०२ मध्ये अब्दुस् सत्तार यांच्या साहाय्याने ‘मिरातुल् कुद्स’ हे ख्रिस्तचरित्र फारसी भाषेत सिद्ध केले. मरियेच्या बालपणाच्या कथेपासून त्याचा आरंभ होतो. म्हणजे बायबलमध्ये नसलेली परंपराही त्यात आली आहे. १६३९ मध्ये लायडन येथे एका प्रॉटेस्टंट पंडिताने हा ग्रंथ लॅटिन भाषांतरासह छापला आणि त्याच्या शीर्षकातच हे चरित्र नानाप्रकारे दूषित झाले असल्याचा शेरा मारला. पंडिताच्या दृष्टीने जे दूषण होते, तेच मोगल दरबारातील श्रोत्याच्या दृष्टीने कथेचे सौष्ठव असू शकत होते. पुनर्कथनाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी तेव्हापासून आजतागायत टिकून आहेत.

या ग्रंथानंतर चौदा वर्षांनी, त्याच येशूसंघाच्या एका इंग्रज पाद्रीने साष्टी प्रांतातील रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्याच परिसरात राहिला. त्याच्या पुराणाची परिस्थिती समजून घ्यावयाची, तर त्या भूमीचा अलीकडचा इतिहास दृष्टीआड करून चालत नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली आणि तिचे प्रत्युत्तरही रक्तरंजित होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या कानांवरून जुनी पुराणे गेली होती, पण पुराण ऐकण्याची सवय गेली नव्हती.

स्टीफन्सने ही उणीव ग्रंथाच्या रचनेतच सामावून घेतली आहे. पहिल्या पुराणाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनंती करतो की, पूर्वीची पुराणे आम्ही सोडली. आता त्यांच्या जागी वाचण्यासारखे काही आम्हांस द्यावे. या मागणीतून ग्रंथ निघतो. जवळजवळ अकरा हजार ओव्या, दोन पुराणे. पहिल्यात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून मुक्तिदात्याच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात प्रत्यक्ष ख्रिस्तचरित्र. ज्ञानेश्वर–एकनाथांच्या परंपरेतील ओवी, वक्ता व श्रोता यांचा संवाद, मंगलाचरण व भाषास्तुती हे पुराणाचे सारे उपचार त्यात आहेत.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. वक्ता-श्रोत्यांची ही चौकट केवळ अलंकरण म्हणून आलेली नाही. विचारणारा श्रोता कथेत असल्यामुळे ‘हे असे का?’ या प्रश्नाला कथेत स्थान मिळते. कथन आणि त्यावरील स्पष्टीकरण एकमेकांत मिसळून जात नाहीत. कोणी सांगत आहे, कोणी ऐकत आहे, ही जाणीव वाचकाला सतत राहते. प्रत्यक्षातील श्रोत्याला कोणते प्रश्न विचारता येत होते, हा भाग वेगळा. ज्या प्रांतात श्रद्धेतील विचलनासाठी न्यायासन बसलेले होते, तेथील ग्रंथगत श्रोता नम्रच असणार. तरीही स्टीफन्सने प्रश्नकर्त्याला ग्रंथाबाहेर ठेवले नाही.

दुसरा बारकावा शब्दांचा. स्टीफन्स स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजतो. शब्द उसना घेता येतो, पण त्याच्यासोबत येणारे पूर्वसंस्कार मागे ठेवता येत नाहीत. वैकुंठ म्हणताच विष्णू येतो, वारकऱ्यांचे सारे भावविश्व येते. म्हणजे ख्रिस्ती स्वर्गाची कल्पना मराठी श्रोत्याच्या मनात त्याला आधीच ठाऊक असलेल्या स्वर्गावर उभी राहते. रोमन लिपीतील संहितेत पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञाही पुष्कळ आहेत. १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडन येथील मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित पुढे आणले. त्यात अशा अनेक संज्ञांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द दिसतात. यांपैकी मूळ कोणते, यावर अभ्यासकांत वाद झाला आहे. परंतु मूळ कोणतेही असो, एकाच ग्रंथाच्या या दोन रूपांत पुनर्कथनाच्या दोन नीती दिसतात. पोर्तुगीज संज्ञा वाचकाला थांबवते आणि ही गोष्ट दुसरीकडून आली आहे, याचे स्मरण देते. संस्कृत संज्ञा हे स्मरण पुसते व कथा येथलीच वाटू लागते.

स्टीफन्सनंतर एत्यें द ला क्र्वा या फ्रेंच येशूसंघीयाने प्रेषित पेत्राच्या जीवनावर मराठीत विस्तृत पुराण रचले; ते १६२९ ते १६३४ या काळात छापले गेले. ख्रिस्ताच्या चरित्राकडून ख्रिस्तसभेच्या स्थापनेकडे जाणारा हा ग्रंथ उगमाच्या प्रश्नाशी अधिक निकटचा ठरावयाचा. परंतु त्याचा मोठा भाग हिंदू दैवतकथांच्या खंडनास वाहिलेला आहे. दोघांच्या पुराणांची तुलना केली असता असे दिसते की, स्टीफन्सला कथेवर भरवसा होता, क्र्वाला वादावर. कथेची गोडी पुढच्या पिढ्यांना लागली. सतराव्या शतकातील छापील प्रती अभ्यासकांच्या हाती राहिल्या नाहीत, तरी ‘ख्रिस्तपुराणा’ची हस्तलिखिते कुटुंबांतून जपली गेली, त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीत आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने देवनागरीत ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९९६ मध्ये कॅरिदाद द्राग यांची आणि २००९ मध्ये नेल्सन फलकाव यांची आवृत्ती निघाली.

४

एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती लेखकाच्या हाती कादंबरी हा नवा वाङ्मयप्रकार आला. किंबहुना मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो, ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाबा पदमनजी यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर तीनच वर्षांनी लिहिली. म्हणजे श्रद्धा व वाङ्मयप्रकार या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाच्या ठायी एकत्र आल्या होत्या. तरीही त्या कादंबरीचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हा आहे. पदमनजींनी नव्या कराराच्या विवरणासाठी टीकाग्रंथाचा आश्रय केला आणि सामाजिक दुःखासाठी कादंबरीचा. ही विभागणी आकस्मिक नाही. ज्याने आप्तस्वकीयांचा रोष पत्करून एक श्रद्धा स्वीकारली, तो तिच्या मूळ वृत्तांतावर कल्पनेचा प्रयोग करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्याच्या लेखी तो वृत्तांत हा स्वतःच्या निर्णयाचा आधार असतो.

‘ख्रिस्तायना’कडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे लक्ष्मीबाईंची व त्यांची काही वर्षे ताटातूट झाली आणि लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. हा सारा प्रवास ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला सुपरिचित आहे. टिळकांनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र हाती घेतले आणि थोडेच अध्याय लिहून १९१९ मध्ये ते निवर्तले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी पूर्ण केला. त्या १९३६ मध्ये वारल्या. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ अपुरे राहिले आणि गावबाने ते पूर्ण केले, असे परंपरा सांगते. ‘ख्रिस्तायना’च्या बाबतीत तशीच घटना घडली, फक्त येथे शिष्याच्या जागी पत्नी होती आणि तिला अक्षरओळखही पतीकडूनच झालेली होती.

ग्रंथनामातील ‘आयन’ या पदाने वाचकाला रामायणाची आठवण करून दिली आहे. स्टीफन्सला जुन्या पुराणांच्या जागी नवे पुराण बसवावयाचे होते. टिळकांची भूमिका जुन्याच्या शेजारी नवे ठेवण्याची आहे. ‘आयन’ म्हणजे मार्गक्रमण. ख्रिस्ताचे चरित्र हे चालून जावयाच्या वाटेसारखे आहे, ही कल्पना वारीच्या प्रदेशात वेगळी समजावून द्यावी लागत नाही. टिळक पती-पत्नींना कीर्तनाची परंपरा जवळची होती आणि कीर्तनात आख्यान रंगविण्याचे जे स्वातंत्र्य असते, ते श्रोत्यांना मान्य असते. बुवांनी रुक्मिणीच्या तोंडी घातलेले भाषण भागवतात नाही, हे श्रोत्यांस ठाऊक असते. त्यामुळे ना भागवताला बाध येतो, ना रसाला. मराठीतील आख्यानपरंपरेने वाचकाशी केलेला करार तो हाच. कादंबरीच्या मुखपृष्ठावरील शब्दाचे काम येथे ओवी करते. ओवी सुरू झाली की कोणीतरी भक्त आपल्या प्रेमाने गोष्ट सांगत आहे, हे ठरून जाते.

या कराराला मर्यादाही आहे. भक्ताची भर मुळाला शोभा आणते, पण मुळाला प्रश्न विचारत नाही. पौलाला जिवंत येशूसमोर उभे करणे आख्यानकाराला सुचणार नाही आणि सुचले तरी रुचणार नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःच्या घराकडे, सोवळ्याओवळ्याकडे, पतीच्या विक्षिप्तपणाकडे आणि स्वतःच्या धर्मांतराकडेही निर्भय विनोदी दृष्टीने पाहणाऱ्या लक्ष्मीबाई ‘ख्रिस्तायना’त आख्यानाच्या मर्यादेत राहतात. हा त्यांच्या प्रतिभेचा उणेपणा म्हणता येणार नाही. प्रत्येक वाङ्मयप्रकार आपल्या लेखकाला काही मोकळीक देतो आणि काही नाकारतो. आत्मकथनाने त्यांना जे दिले, ते आख्यानकाव्याला देता येण्यासारखे नव्हते.

५

१९४६ हे वर्ष या विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी रॉबर्ट ग्रेव्हज याची ‘किंग जीझस’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मराठीत ग. दा. तथा बाबाराव सावरकर यांचा ‘ख्रिस्तपरिचय अर्थात ख्रिस्ताचे हिंदुत्व’ हा ग्रंथ, लेखकाच्या निधनानंतर, प्रकाशात आला. ग्रेव्हजच्या मते येशू हा हेरोद राजाच्या वंशातील, सिंहासनाचा औरस वारस. सावरकरांच्या मते येशू हा जन्माने तमिळ हिंदू. ख्रिस्ती धर्म हा मुळात हिंदू धर्माचाच एक पंथ. येशू क्रुसावरून वाचला, एसेनी पंथीयांनी त्याची शुश्रूषा केली आणि त्याचे अखेरचे दिवस हिमालयाच्या परिसरात गेले.

क्रुसावरून वाचलेला येशू व एसेनी आश्रम ही मूरच्या कादंबरीतील कल्पनाबीजे मराठी प्रबंधात आढळावीत, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. या कल्पना एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरल्या होत्या. निकोलाय नोटोविच याने १८९४ मध्ये लडाखमधील हेमिस मठातील कथित हस्तलिखिताच्या आधारे येशूच्या भारतवासाची कथा प्रसिद्ध केली. माक्स म्युलर यांनी तिच्यावर संशय व्यक्त केला आणि जे. आर्चिबाल्ड डग्लस यांनी १८९५ मध्ये हेमिसला जाऊन चौकशी केली असता तेथील प्रमुखांनी असे हस्तलिखित असल्याचे नाकारले. मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ मध्ये लिहिलेल्या उर्दू ग्रंथात येशूची कबर श्रीनगर येथे असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे एकाच मौनात रशियन प्रवासी, अहमदिया पंथाचे संस्थापक आणि मराठी हिंदुत्ववादी असे तिघे आपापल्या प्रयोजनाने शिरले. प्रत्येकाला तेथे स्वतःचाच प्रदेश सापडला.

ग्रेव्हज आणि सावरकर यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. ग्रेव्हजला आपला सिद्धान्त केवळ कल्पित वाटत नव्हता. पुढे १९५३ मध्ये त्याने जोशुआ पॉड्रोच्या सहकार्याने त्याच विषयावर मोठा अभ्यासग्रंथ लिहिला. तरीही कादंबरी लिहिताना त्याने अगाबस नावाचा निवेदक निर्माण केला. हा निवेदक इसवी सन ९३ मध्ये लिहीत आहे. जे सांगितले जाते ते अगाबसला जसे कळले तसे सांगितले जाते. वाचक अगाबसवर अविश्वास दाखवू शकतो, कारण अविश्वास दाखवता येईल असा एक माणूस लेखकाने मध्ये ठेवलेला आहे. ‘ख्रिस्तपरिचया’त असा कोणीही नाही. तेथे ना विचारणारा ब्राह्मण आहे, ना ओवी, ना निवेदक. प्रबंधाचे गद्य प्रमाणाची भाषा बोलते. आणि नामसाम्य, आचारसाम्य यांसारखी प्रमाणे जेथे तोकडी पडतात, तेथेही गद्याचा स्वर तोच राहतो. साहित्याच्या अभ्यासकाने या ग्रंथावर घ्यावयाचा आक्षेप त्याच्या निष्कर्षाच्या अद्भुततेवर नसावा; त्याहून अद्भुत कल्पना कादंबऱ्यांनी वाचकाला दिल्या आहेत. आक्षेप हा की, कल्पनेने निर्माण केलेल्या वस्तूवर कल्पनेचा शिक्का उमटू दिलेला नाही.

त्याचे परिणाम वाङ्मयापुरते राहत नाहीत. २०१६ मध्ये मुंबईत या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा वृत्तपत्रांतून वाद झाला. कादंबरीतील येशूविषयी ख्रिस्ती वाचक नापसंती दाखवू शकतो आणि पुस्तक मिटून ठेवू शकतो. प्रबंधातील येशूच्या बाबतीत तसे होत नाही. तो प्रबंध त्याला असे सांगतो की, तुझ्या धर्माचा उगम तुला ठाऊक नाही, तो आम्हांस ठाऊक आहे. स्टीफन्सच्या पुराणाच्या मागे उभ्या असलेल्या राजसत्तेनेही साष्टीच्या श्रोत्यांना त्यांच्या जुन्या देवांविषयी हेच सांगितले होते, याचे विस्मरण होऊ नये. अधिकारवाणी कोणाचीही असो, ती दुसऱ्याच्या मुळाविषयी बोलू लागली की मौनाचा आदर करीत नाही.

६

मग ख्रिस्ती धर्माच्या उगमाविषयीची ऐतिहासिक कादंबरी मराठीच्या मुख्य प्रवाहात प्रतिष्ठा का पावली नाही? वाचकाची तयारी नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९६७ मध्ये इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली. एकाने महाभारतातील व्यक्तींना मानवी मोजमाप लावले, दुसऱ्याने कर्णाला व त्याच्या निकटवर्तीयांना स्वतःच्या तोंडाने बोलावयास लावले. मराठी वाचकाने दोन्हींचे स्वागत केले.

कारणे निराळीच आहेत. ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठी ऐतिहासिक कादंबरीचा जन्म गमावलेल्या सत्तेच्या स्मृतीतून झाला. ती ‘आपला’ भूतकाळ परत मिळविण्यासाठी लिहिली गेली. पहिल्या शतकातील पॅलेस्टाइन या ‘आपल्या’त बसत नव्हते. ख्रिस्ती लेखकाला ते आपले वाटत होते. पण अल्पसंख्य समाजातील लेखकावर साक्ष देण्याचे दडपण अधिक असते. आपल्या धर्मसंस्थापकावर संशयाचा प्रकाश टाकण्याची चैन बहुसंख्य समाजातील लेखकाला जितकी परवडते, तितकी त्याला परवडत नाही. ख्रिस्तेतर लेखकाच्या बाबतीत कधी सौजन्य आड आले, कधी भीती.

इतर भारतीय भाषांकडे पाहिले असता चित्र फारसे वेगळे नाही. तमिळमधील वीरमामुनिवरांच्या ‘तेम्बावणी’पासून मल्याळममधील कट्टक्कयम् चेरियान माप्पिळ्ळा यांच्या ‘श्रीयेशुविजयम्’ (१९२६) आणि पी. सी. देवस्य यांच्या संस्कृत ‘क्रिस्तुभागवतम्’ (१९७७) पर्यंत ख्रिस्तकथेचा ओघ महाकाव्याकडे आहे. अपवाद मोजके. वळ्ळत्तोळ यांनी १९२१ मध्ये मग्दालिया मरियेवर खंडकाव्य लिहिले. ख्रिस्तेतर कवीने एका पापिणीच्या बाजूने कथेत प्रवेश केल्यामुळे ते काव्य भक्तीच्या ठरीव वाटेने गेले नाही. आणि १९८६ मध्ये पी. एम. अँटनी यांनी कझांत्झाकिसच्या कादंबरीवर आधारित नाटक केरळात रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यावर बंदी आली. पोर्तुगालमध्येही जुझे सारामागू यांच्या १९९१ च्या ख्रिस्तविषयक कादंबरीचे नाव शासनाने एका युरोपीय पुरस्काराच्या यादीतून काढून टाकले होते. कल्पनेचा करार लेखकाने पाळला, तरी समाज तो पाळेलच असे नाही, हे या दोन्ही घटनांवरून दिसते.

मराठीत अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने मूळ संहिता आजच्या भाषेत वाचकाच्या हाती दिली. पुनर्कथनाच्या दृष्टीने या भाषांतराला एक वेगळे महत्त्व आहे. मूळ वचन सर्वांना सहज उपलब्ध असले, तर भर कोणती हे वाचकाला स्वतःच ओळखता येते. कीर्तनातील श्रोत्याला भागवत ठाऊक असते, म्हणूनच बुवांना मोकळीक मिळते. ख्रिस्तकथेच्या बाबतीत मराठी वाचकाची ही पूर्वतयारी आजवर फार थोड्या घरांपुरती होती. ती वाढली, तर ज्या कादंबरीची मराठीत उणीव आहे, तिला लागणारा वाचकही तयार होईल.

तोपर्यंत या तीन ग्रंथांचे वाचन एका निकषावर करता येईल. चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीने आपल्या पुराणात विचारणाऱ्याला जागा ठेवली. टिळक दांपत्याने आपले प्रेम ओवीच्या रूपाने उघड केले. तिसऱ्या ग्रंथाने आपली कल्पना सिद्धान्ताच्या पोशाखात पाठवली. येशू बाराव्या वर्षानंतर कोठे होता, हे या तिन्ही ग्रंथांवरून कळत नाही. परंतु ज्यांनी ते मौन भरले त्यांना आपल्या वाचकाविषयी काय वाटत होते, ते मात्र स्पष्ट कळते.